‘घरफोडी’चा माग काढायचा तर: शिकागोच्या ऑनलाइन मराठी कोशांची पारख

शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीने मराठीचे पाच कोश इंटरनेटवर मोफत खुले करून ठेवले आहेत: मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७), वझ्यांचा ‘आर्यभूषण’ शालेय कोश (१९११), दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२ ते १९५०), मॅक्सीन बर्नसन यांचा प्राथमिक मराठी-इंग्रजी कोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश (१९९९). याच संग्रहात टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोशही आहे. नोंदणी करावी लागत नाही, पैसे पडत नाहीत, जाहिराती नाहीत.

अशा सेवेची पारख ‘हिरण्यगर्भ’ किंवा ‘चक्रवाक’ असल्या शब्दांवर करण्यात अर्थ नाही. ते कुठेही सापडतात. वर्तमानपत्रात रोज छापून येणारा आणि म्हणूनच कोणी कोशात पाहायला न जाणारा शब्द घ्यावा. ‘घरफोडी’ त्या दृष्टीने फार सोयीचा आहे. तो जोडशब्द आहे, त्याला दोन अर्थ आहेत, त्याच्या दोन घटकांपैकी एकाची व्युत्पत्ती सरळ आणि दुसऱ्याची वादाची आहे, आणि वर कायद्याने त्याची स्वतंत्र व्याख्या केलेली आहे. कोश कुठे उपयोगी पडतो आणि कुठे हात टेकतो हे एवढ्या एका शब्दावर कळते.

निकाल आधीच सांगून टाकतो. अर्थ आणि घडण यांसाठी दाते-कर्वे, मुळासाठी टर्नर, आणि शब्द दीडशे वर्षांपूर्वी बोलण्यात कसा होता ते पाहण्यासाठी मोल्सवर्थ, हे तीन पुरतात. वझे आणि बर्नसन यांची इथे गरज लागत नाही. बर्नसन यांचा कोश मराठी शिकणाऱ्यांसाठी केलेला आहे आणि त्या कामाला तो चांगला आहे. कायदेशीर अर्थासाठी मात्र पाचांपैकी एकावरही विसंबू नये.

आता शोधण्याची रीत. बहुतेक जण इथेच अडखळतात आणि ‘शब्दच नाही’ म्हणून परत जातात.

शोधाच्या चौकटीत थेट देवनागरीत टंकता येते. पूर्ण शब्द टाकू नये. ‘घरफोड’ एवढाच भाग टाकावा, म्हणजे ‘घरफोडी’ आणि ‘घरफोड्या’ दोन्ही जाळ्यात येतात. आधी मुख्य शब्दांत शोधावे. तिथे रिकामे आले तर पूर्ण मजकुरात शोधावे, कारण दाते-कर्वे यांच्या कोशात जोडशब्दांना अनेकदा स्वतंत्र ओळ मिळत नाही. ते मूळ शब्दाच्या पोटात, आधी ‘॰’ असे शून्यासारखे चिन्ह आणि मग शब्दाचा उरलेला भाग, अशा रीतीने छापलेले असतात. ‘घर’ या नोंदीत अशा जोडशब्दांची आणि म्हणींची इतकी गर्दी आहे की वरवर नजर फिरवून काही हाती लागत नाही. नोंद उघडून ब्राउझरच्या पानातल्या शोधात नुसते ‘फोड’ टाकावे. छापील खंडात हे करायला बोटाने ओळी मोजाव्या लागत. डिजिटल रूपाचा सगळ्यात मोठा फायदा इथे दिसतो.

दुसरी अडचण अनुस्वाराची. ‘फोडणे’ असे टंकून नेमका शब्द शोधला तर मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे दोघेही गप्प बसतात. त्यांच्या काळी क्रियापदाचे रूप ‘फोडणें’ असे, शेवटी अनुस्वार देऊन लिहीत. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. हे कोश त्याआधीचे आहेत. तेव्हा क्रियापद शोधताना शेवटी अनुस्वार द्यावा, किंवा ‘फोडण’ इथवरच टंकून थांबावे. नपुंसकलिंगी एकारान्त नामांनाही हेच लागू. ऱ्हस्व-दीर्घाचेही तसेच: आजच्या नियमाने लिहिलेले रूप मिळाले नाही तर उलटे करून पाहावे.

तिसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. बातम्यांच्या संकेतस्थळावरून शब्द उचलून चिकटवला की त्यासोबत कधी कधी अदृश्य जोडचिन्हे येतात, आणि यंत्राच्या लेखी तो वेगळाच शब्द होतो. ‘वाटमाऱ्या’सारख्या शब्दातला ‘ऱ्या’ तर दोन-तीन वेगवेगळ्या रीतींनी साठवलेला असू शकतो. उपाय साधा आहे: शब्द चिकटवू नका, हाताने टंका, आणि अडणारे जोडाक्षर येण्याआधी थांबा. जुन्या छपाईत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची गल्लत सहज होते, म्हणून अगदीच काही मिळत नसेल तर तेही आलटून पाहायला हरकत नाही.

दाते-कर्वे यांची नोंद वाचण्याची एक शिस्त आहे. आधी शब्द, मग संक्षेपात लिंग किंवा क्रियापदाचा प्रकार, मग आकडे घालून अर्थ, मधे ‘(ल.)’ आले की तिथून लाक्षणिक अर्थ, मग उदाहरण आणि ते कोणत्या ग्रंथातले याचा संक्षेप, आणि सर्वांत शेवटी चौकटी कंसात व्युत्पत्ती. ‘सं.’ म्हणजे संस्कृत, ‘प्रा.’ प्राकृत, ‘फा.’ फारसी, ‘अर.’ अरबी. घाईत वाचणारा पहिला अर्थ वाचून उठतो. ‘घरफोडी’च्या कुळातल्या शब्दांबाबत हे महागात पडते, कारण ‘घर फोडणे’ याचा दुसरा अर्थ तितकाच जिवंत आहे: नांदत्या कुटुंबात फूट पाडणे. ‘घरफोड्या’ म्हणजे भिंत किंवा कुलूप फोडून शिरणारा चोर, तसाच भावाभावांत भांडण लावून देणारा. ‘घरभेद्या’ हा मात्र वेगळा, आतलाच असून बाहेरच्याला सामील झालेला. आज राजकारणाच्या बातम्यांत पक्ष फोडतात, आमदार फुटतात, आणि त्याच पानावर खाली बंगला फोडलेला असतो. क्रियापद एकच, आणि वाचणाऱ्याचा गोंधळ कधी होत नाही. ‘घरफोडी’ या नामावर आता चोरीच्या अर्थाने जवळजवळ पूर्ण ताबा मिळवला आहे, ‘घर फोडणे’ या क्रियेवर नाही. कोश हा फरक सांगत नाहीत. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचा काळ १९५० ला संपतो.

मोल्सवर्थ वाचताना वेगळी सावधगिरी. हा कोश जेम्स मोल्सवर्थने जॉर्ज आणि थॉमस कँडी यांच्या मदतीने केला. १८५७ च्या आवृत्तीत सुमारे ६० हजार शब्द आहेत, आणि आरंभी जॉन विल्सनचा मराठी भाषेच्या घटकांवरचा लांबलचक निबंध आहे. अर्थ इंग्रजीत, तोही त्या काळच्या इंग्रजीत, त्यामुळे इंग्रजीचा एक बरा कोश शेजारी लागतो. व्युत्पत्तीच्या जागी मोल्सवर्थ बहुधा एखादे अक्षर ठेवून मोकळा होतो: संस्कृतला एक, फारसीला एक, अरबीला एक. जोडशब्द असेल तर कंसात त्याचे दोन भाग लिहितो. म्हणजे ‘घरफोडी’सारख्या शब्दाच्या मुळाबद्दल त्याच्याकडून एवढेच कळणार की तो घर आणि फोडणें यांचा झाला आहे, जे शाळकरी पोरालाही दिसते. त्याची ताकद दुसरीकडे आहे. शब्द कोणाच्या तोंडचा, हलका की भारदस्त, चेष्टेत वापरतात की रागाने, याची टिपणे त्याने जितकी बारकाईने केली तितकी नंतर फारशी कोणी केली नाहीत. त्याच्याकडे मुळासाठी जाऊ नये, वापरासाठी जावे.

घडणीचा विचार कोणत्याच कोशात एका जागी सापडत नाही. तो पूर्ण मजकुराचा शोध वापरून स्वतः जमवावा लागतो. या सेवेचा सर्वांत कमी वापरला जाणारा आणि सर्वांत रंजक भाग तोच. ‘फोड्या’, ‘माऱ्या’, ‘तोड्या’ असे शब्दांचे शेवट शोधत गेले की एक साचा दिसू लागतो: पुढे कर्म, मागे क्रियापदाचे मूळ, आणि शेवटी प्रत्यय. ‘या’ लागला की करणारा, ‘ई’ लागली की करणी. घरफोड्या आणि घरफोडी, वाटमाऱ्या आणि वाटमारी. लाकूडतोड्या आणि दगडफोड्या त्याच साच्यातले, जरी त्यांची करणी सांगताना आपण बहुधा ‘लाकूडतोड’ म्हणून थांबतो. ‘खिसेकापू’ला ‘ऊ’ लागला, पण रचना तीच. म्हणजे ‘घरफोडी’ हा कोणी पंडिताने घडवलेला शब्द नाही, बाहेरून आलेलाही नाही. मराठीच्या चालू टाकसाळीतून पडलेले नाणे आहे. ‘दुकानफोडी’, ‘एटीएमफोडी’ असे नवे शब्द वार्ताहरांनी न अडखळता पाडले ते याच साच्यामुळे. हे नवे शब्द अर्थातच या पाच कोशांत मिळणार नाहीत.

आता मूळ. ‘फोडणे’चा माग सरळ आहे. संस्कृतात ‘स्फुट्’ म्हणजे फुटणे, उमलणे. त्याचे प्रयोजक रूप ‘स्फोटयति’, म्हणजे फुटायला लावतो. प्राकृतात सुरुवातीचा ‘स्’ गेला, मधल्या ‘ट’चा ‘ड’ झाला, ‘फोडइ’ मिळाले, आणि तिथून मराठी ‘फोडणे’. ‘फुटणे’ हे अकर्मक रूप दुहेरी ‘ट्ट’ असलेल्या ‘फुट्टइ’कडून आले, म्हणून त्यातला ‘ट’ टिकला. तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे या जोड्यांतही ट-डचा हाच खेळ आहे. दाते-कर्वे यांचा चौकटी कंस संस्कृत आणि प्राकृत रूपे देऊन थांबतो; ट का टिकला आणि का बदलला हे समजून घ्यायचे तर टर्नरकडे जावे लागते.

टर्नरचा कोश १९६२ ते १९६६ या काळात निघाला, सूची १९६९ मध्ये आणि पुरवणी १९८५ मध्ये. त्यातले मुख्य शब्द संस्कृत किंवा कल्पित रूपे आहेत, तीही रोमन लिपीत, खुणा देऊन. इथे ‘घरफोडी’ शोधून काही मिळत नाही, शोधूही नये. संस्कृत मूळ ठाऊक असेल तर ते मुख्य शब्दांत शोधावे. नसेल तर पूर्ण मजकुराच्या शोधात मराठी शब्दाचे रोमन रूप टाकावे; त्यात मूर्धन्य ‘ड’खाली टिंब असते आणि शेवटच्या ‘णें’वर नासिक्याची लाटेसारखी खूण असते. खुणा टंकता येत नसतील तर टर्नरच्याच कुठल्याही पानावरून ते अक्षर उचलून चिकटवणे सर्वांत सोपे. नोंदीत प्रत्येक भाषेला एक-दोन अक्षरांचा संक्षेप असतो. मराठीसाठी नुसता ‘एम’ आणि पुढे टिंब. एखाद्या मुख्य शब्दाआधी तारा असेल तर ते रूप कुठल्या ग्रंथात सापडलेले नाही, निरनिराळ्या भाषांतली रूपे पाहून मागाहून बांधलेले आहे. तारा न पाहता ‘टर्नरने दिले आहे’ म्हणून ते रूप संस्कृत शब्द म्हणून उद्धृत करणे ही या कोशाच्या वापरातली नेहमीची चूक.

‘घर’ची गोष्ट सोपी वाटते आणि नाही. शाळेपासून आपण गृह म्हणजे घर असे शिकतो, आणि दाते-कर्वेही तिकडेच बोट दाखवतात. प्राकृत व्याकरणात वररुचीचा एक खास नियम आहे, ‘गृहे घरोऽपतौ’: गृहचे घर होते, पुढे ‘पति’ शब्द नसेल तर. हेमचंद्रानेही हाच नियम सांगितला आहे. पण नियमाची गरज का पडली ते पाहिले पाहिजे. नेहमीच्या ध्वनिबदलाने ‘गृह’चे ‘गह’ किंवा ‘गिह’ व्हायला हवे, आणि पाली-प्राकृतात ती रूपे आहेतही, ‘गहपति’ त्यातलाच. ‘घर’ त्या वाटेने आलेले दिसत नाही, म्हणून वैयाकरणांना ते अपवाद म्हणून नोंदवावे लागले. टर्नर ‘गृह’ आणि ‘घर’ यांना वेगवेगळ्या नोंदींत ठेवतो, आणि हे ठेवणेच एक मत आहे. दोन्ही कोश शेजारी उघडून ठेवले तर हा मतभेद दोन मिनिटांत दिसतो. एकच पाहिला तर वाद आहे हेच कळत नाही. चौकटी कंसातली व्युत्पत्ती हा पुरावा नसतो, संपादकाचा निर्णय असतो. दाते-कर्वे यांच्या मंडळाने तो अनेकदा संस्कृतकडे झुकून घेतला आहे. या एका बाबतीत १९४६ चा कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ छापील स्वरूपात तरी हाताशी असावा.

संस्कृतात या कृत्याला घर फोडणे म्हणत नसत, ‘संधिच्छेद’ म्हणत. संधि म्हणजे भिंतीला पाडलेले भोक. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात संधि फोडून रात्री चोरी करणाऱ्याचे हात तोडून त्याला सुळावर द्यावे असे सांगितले आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’च्या तिसऱ्या अंकात शर्विलक भिंतीपुढे उभा राहून चार रीती मोजून दाखवतो: भाजक्या विटा असतील तर ओढून काढाव्या, कच्च्या असतील तर कापाव्या, मातीच्या गोळ्यांची भिंत असेल तर पाणी शिंपून भिजवावी, लाकडाची असेल तर चिरावी. मग भोकाचे सात आकार, कमळापासून पूर्णकुंभापर्यंत. भाजक्या विटांना पूर्णकुंभच शोभतो, असे ठरवून तो कामाला लागतो आणि मोजमापाला गळ्यातले जानवे वापरतो. हा ‘संधि’ टर्नरच्या कोशात पाहिला की हिंदीतला ‘सेंध’ तिथेच भेटतो. मराठीने संधीचा तो अर्थ ठेवला नाही. आपल्याकडे संधी म्हणजे मोका किंवा अक्षरांचा जोड. भिंतीच्या भोकाला ‘भगदाड’ आणि ‘खिंडार’ हे शब्द आहेत. बँकेच्या मागच्या भिंतीला भगदाडच पाडतात.

तुळपुळे-फेल्डहाउस यांचा कोश साधारण १३५० पर्यंतचे ग्रंथ आणि शिलालेख एवढ्यापुरता आहे. चोर, धाड, घर, फोडणे या घटकशब्दांची जुनी रूपे पाहायला तो उत्तम. पण एखादा जोडशब्द त्यात नाही, यावरून तो नंतर घडला असे ठरत नाही. त्या काळचे जे टिकले ते बहुतेक धार्मिक लेखन. चोऱ्यांच्या फिर्यादी टिकलेल्या नाहीत.

कायद्याचा अर्थ पाहायला गेलात तर कोश बाजूला ठेवावेत. कोशातला अर्थ साधारण ‘घर फोडून केलेली चोरी’ या दिशेने जातो. कायद्यात या तीनही शब्दांना वेगळे वळण आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ही व्याख्या ४४५ व्या कलमात होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती ३३० व्या कलमात आली, शिक्षा ३३१ व्या कलमात.

पहिली गोष्ट, चोरी व्हावीच लागत नाही. घरफोडी म्हणजे ठरावीक सहापैकी एका मार्गाने केलेले गृहअतिक्रमण. आत काही चोरले तर तो वेगळा गुन्हा, राहत्या घरातील चोरीचा, कलम ३०५. बातमीत ‘३३१ (४), ३०५ अन्वये’ असे दोन आकडे एकत्र येतात ते यामुळे.

दुसरी, काही फुटावेच लागत नाही. सहा मार्ग असे: स्वतः किंवा साथीदाराने तयार केलेल्या वाटेने, माणसांच्या येण्याजाण्यासाठी नसलेल्या वाटेने, किंवा भिंत वा इमारत चढून, घरमालकाला अभिप्रेत नसलेल्या रीतीने उघडलेल्या वाटेने, कुलूप उघडून, मारहाण करून किंवा तशी धमकी देऊन, आणि बंद केलेली आहे हे माहीत असलेली वाट स्वतः किंवा साथीदाराने उघडून. कायद्यातलीच उदाहरणे बोलकी आहेत. दाराच्या भोकातून तार घालून खिटी उचलली आणि आत गेला, ही घरफोडी. घरमालकाची हरवलेली किल्ली सापडली, तिने सरळ कुलूप उघडून आत गेला, हीही घरफोडी. घरमालक दारात उभा आहे, त्याला खाली पाडून आत शिरला, तरीही. आत जाताना नाही पण गुन्हा करून बाहेर पडताना यापैकी एक मार्ग वापरला तरी चालते. आणि पूर्ण माणूस आत जाण्याचीही गरज नाही. शरीराचा कोणताही भाग आत गेला की अतिक्रमण पुरे होते.

तिसरी, ‘घर’ म्हणजे नुसते राहते घर नव्हे. माणसांच्या वस्तीसाठी वापरलेली इमारत, तंबू किंवा जहाज, उपासनेची इमारत, आणि मालमत्ता ठेवण्याची इमारत हे सगळे त्यात येते. देऊळ आणि गोदाम कायद्याच्या लेखी ‘घर’च आहे.

पोलिसांच्या तक्त्यात ‘दिवसा घरफोडी’ आणि ‘रात्री घरफोडी’ असे दोन रकाने असतात, त्याचे कारणही इथेच. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेल्या घरफोडीची शिक्षा जास्त आहे. चोरीच्या हेतूने दिवसा केली तर कमाल १० वर्षे, रात्री केली तर १४ वर्षे. यातले काही दाते-कर्वे यांच्याकडून अपेक्षिणे अन्यायाचे होईल. पण शब्दकोशातला अर्थ अर्जात किंवा लेखात कायद्याची व्याख्या म्हणून चिकटवणारे पुष्कळ आहेत, म्हणून एवढे लांबवले.

इंग्रजी ‘बर्गलरी’ची व्युत्पत्ती हवी असेल तर शिकागोच्या संग्रहात ती नाही, त्यासाठी डग्लस हार्पर यांचा मोफत ऑनलाइन व्युत्पत्ती कोश बरा आहे. नोंदी छोट्या, पहिल्या वापराचे साल दिलेले, आणि छापील कोशांवरून संकलित, म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. तिथे मिळणारा माग साधारण असा: मध्ययुगीन कायद्याच्या लॅटिनमध्ये ‘बुर्गातोर’, त्याच्या मुळाशी ‘बुर्गुस’ म्हणजे तटबंदीची जागा. पुढे मधे एक ‘ल’ शिरला, बहुधा ‘लात्रो’ म्हणजे चोर या शब्दाच्या प्रभावाने. ब्लॅकस्टनसारख्या कायदेपंडिताने हा शब्द ‘बुर्गी लात्रोसिनियम’, म्हणजे वस्तीतली लूट, असा फोडून दाखवला; ऐकायला छान, पण ‘ल’ नसलेली जुनी रूपे त्या फोडीला साथ देत नाहीत. क्रियापद ‘बर्गल’ तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नामाला कापून काढलेले. ‘बर्गलरी’ येण्याआधी जुन्या इंग्रजीत ‘हूसब्रूचे’ असा देशी शब्द होता: हूस म्हणजे घर, ब्रूचे म्हणजे फोड. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात बर्गलरीला रात्र आणि काही तरी मोडणे, दोन्ही लागत. १९६८ च्या चोरी कायद्याने दोन्ही अटी काढून टाकल्या.

कोशांची आणखी चाचणी घ्यायची असेल तर दाराच्या सामानावर घ्यावी. ‘कुलूप’ पाहा: अरबी ‘कुफ्ल’, मराठीत येताना फ आणि ल यांची जागा बदलली. ‘चावी’ पोर्तुगीज ‘शावि’वरून. कडी, कोयंडा आणि चोराची कटावणी या शब्दांची मुळे निरनिराळ्या कोशांत ताडून पाहावीत, आणि जिथे नुसते साधर्म्यावरून एखादे संस्कृत रूप पुढे केले असेल तिथे त्याच्या मधल्या प्राकृत पायऱ्या मागाव्यात. पायऱ्या नसतील तर तो अंदाज समजावा. ‘दरोडा’ शोधताना ‘दरवडा’ही टाकावा, जुन्या लेखनात तो तसाही येतो.

उणिवा तशा दोनच सांगण्यासारख्या. पाचही मराठी कोशांत एकाच वेळी शोधून निकाल शेजारी मांडून पाहायचे असतील, तर ‘बृहद्कोश’ या मराठी संकेतस्थळाची मांडणी अधिक हाताशी येते. रोजच्या वापराला तेच बरे, आणि मुळाच्या कामाला शिकागो. दुसरी उणीव मजकूर पुन्हा टंकून घेतल्याची: संक्षेप, टिंबे आणि ॰ यांत चुका राहू शकतात. सुदैवाने प्रत्येक नोंदीसोबत छापील पानाचा क्रमांक दिलेला असतो. कुठे उद्धृत करायचे असेल तर पडद्यावरचा मजकूर उचलण्याआधी त्या पानाचे छायाचित्र किंवा छापील खंड उघडून चौकटी कंस तरी अक्षर न् अक्षर जुळवून घ्यावा, आणि संदर्भ देताना खंड, पान आणि साल द्यावे, संकेतस्थळाचा दुवा नंतर.